पाण्यात म्हैस, वर मोल: अमेरिकेतली जमीन न बघता, मालकाच्याच हप्त्यांवर घेताना

"पाच एकर. डाउन पेमेंट शून्य. महिना फक्त ९९ डॉलर. क्रेडिट चेक नाही, बँक नाही." अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या फोनवर अशा जाहिराती सतत येतात. सोबत ड्रोनने टिपलेला सूर्यास्त, लांबवर डोंगर, आणि चौकोनी लाल रेघेत आखलेला एक तुकडा. जमीन ॲरिझोनात, कोलोराडोत, न्यू मेक्सिकोत, नाहीतर टेक्सासच्या पश्चिम टोकाला. घेणारा मात्र न्यू जर्सीत किंवा शिकागोत. ऑनलाइन फॉर्म भरायचा, कार्डाने पहिला हप्ता द्यायचा, की झालात जमीनदार.

हा मोह मला पूर्ण समजतो. महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा दाखला नसेल तर शेतजमीन घेता येत नाही. अनिवासी भारतीयांना तर फेमा कायद्यामुळे भारतात शेतजमीन विकतच घेता येत नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी यातलं काही कुणी विचारत नाही. ज्याच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी जमीन सुटली, त्याला महिना शंभर डॉलरमध्ये पाच एकर मिळत असतील तर तो थांबून वाचणारच.

असा प्रत्येक व्यवहार म्हणजे फसवणूक नसते. पण बँकेकडून कर्ज काढून जमीन घेताना जी तपासणी बँक स्वतःच्या पैशांच्या काळजीपोटी करते, ती इथे कुणीच करत नाही. ती घेणाऱ्यालाच करावी लागते, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख नसतो. म्हणून ती तपासणी काय असते आणि ती झाली नाही तर काय होतं, ते नीट पाहू.

मालकच सावकार होतो तेव्हा

या पद्धतीला तिकडे ओनर फायनान्सिंग म्हणतात. बँक मध्ये नसते. जमिनीचा मालक म्हणतो, "किंमत मला हप्त्याहप्त्याने दे, वर व्याज दे." विकणारा तोच आणि उधार देणाराही तोच. पद्धत जुनी आहे आणि पूर्ण कायदेशीर आहे. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपली जमीन ओळखीच्या तरुणाला अशी दिली, असं अमेरिकेच्या ग्रामीण भागात कितीतरी वर्षं होत आलं आहे. तिथे दोघं एकमेकांना ओळखतात आणि जमीन दोघांच्या पायाखालची असते.

ऑनलाइन विक्रीत ओळख नसते आणि जमीनही कुणी पाहिलेली नसते. कधीकधी विकणाऱ्यानेसुद्धा नाही. बरेच विक्रेते थकलेल्या करापोटी लिलावात निघालेले तुकडे घाऊक घेतात आणि हप्त्यांवर किरकोळ विकतात.

बँक यात का येत नाही?

"बँकेची कटकट नाही" ही जाहिरातीतली सगळ्यात गोड ओळ. पण बँक अशा जमिनीपासून लांब का राहते, हे कळलं की अर्धा विषय कळला.

अमेरिकेतल्या बँकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थांनी १९९०च्या दशकातच एक मर्यादा घालून दिली आहे. काहीही न बांधलेल्या, कच्च्या जमिनीवर कर्ज द्यायचं तर साधारणपणे ते किमतीच्या ६५ टक्क्यांच्या आतच असावं. म्हणजे ३५ टक्के रक्कम घेणाऱ्याने आधी टाकावी. कारण सरळ आहे. घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळतं, घर भाड्याने जातं. वाळवंटातला पाच एकरांचा तुकडा वर्षानुवर्षं विकला जात नाही, आणि अडचणीत आलेला माणूस सगळ्यात आधी त्याचाच हप्ता थांबवतो.

आता विचार करा. बँक ज्या मालावर ३५ टक्के आधी मागते, तोच माल विक्रेता शून्य टक्क्यांवर का देतो? तो उदार असतो म्हणून नव्हे. हप्ता थांबला तर त्याचं फारसं बिघडत नाही. जमीन परत त्याच्याकडे येते, आलेले हप्ते त्याचेच राहतात, आणि तोच तुकडा तो पुढच्या माणसाला पुन्हा शून्य डाउन पेमेंटवर विकू शकतो. बँकेला हप्ते बुडणं म्हणजे तोटा, इथे तो धंद्याचा भाग होऊ शकतो. माझ्या मते या संपूर्ण विषयात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच.

हातात नेमका कोणता कागद पडतो?

जमीन एकाकडून दुसऱ्याच्या नावावर करणारा दस्त म्हणजे डीड, आपल्याकडचं खरेदीखत. ओनर फायनान्सिंगचे दोन मुख्य प्रकार आहेत, आणि ते खरेदीखत कधी मिळतं यावर दोन्हींतला फरक ठरतो.

गाडी कर्जावर घेतली की आरसी बुक आपल्या नावावर होतं आणि त्यावर बँकेचा बोजा चढतो. गाडी आपलीच असते, कर्ज फिटलं की बोजा उतरतो. पहिला प्रकार असाच आहे. खरेदीखत पहिल्याच दिवशी तुमच्या नावाने होतं, जमीन विक्रेत्याकडे गहाण राहते. हप्ते थकले तर जप्तीची रीतसर प्रक्रिया करावी लागते, आणि लिलावात देण्यापेक्षा जास्त रक्कम आली तर वरचे पैसे तुमचे.

आता कल्पना करा, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत आरसी बुक शोरूमवाल्याच्याच नावावर आहे आणि तुमच्याकडे फक्त पावत्या. हा दुसरा प्रकार, कॉन्ट्रॅक्ट फॉर डीड. "सगळे पैसे दिलेस की खरेदीखत करून देईन" एवढा करार. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या स्वस्त तुकड्यांत हाच जास्त दिसतो. तोवर मालक विक्रेताच. त्याच्यावर कोर्टाचा हुकूमनामा झाला, त्याने तीच जमीन गहाण टाकली, त्याचं दिवाळं वाजलं, तो वारला, किंवा तुमच्याकडून कराचे पैसे घेऊन त्याने कर भरलाच नाही, तर फटका तुम्हाला. आणि हप्ते थकले तर बऱ्याच राज्यांत जप्तीची लांब प्रक्रिया न करता नोटीस देऊन करार रद्द करता येतो. तोवर भरलेलं सगळं गेलं.

किती मुदत मिळते, हे राज्यावर ठरतं. ॲरिझोनाच्या कायद्यात याची पायरीच बांधून दिली आहे. किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा कमी रक्कम फिटलेली असेल तर हप्ता चुकल्यापासून ३० दिवस. २० ते ३० टक्के असेल तर ६० दिवस. ३० ते ५० टक्के असेल तर १२० दिवस. निम्म्याहून जास्त फेडलं असेल तर ९ महिने. टेक्सासमध्ये राहण्यासाठी घेतलेल्या जमिनीला आणखी संरक्षण आहे. ४० टक्के रक्कम किंवा ४८ हप्त्यांइतके पैसे भरले असतील तर विक्रेत्याला नुसता करार रद्द करून जमीन परत घेता येत नाही, रीतसर विक्री करावी लागते. पण गुंतवणूक म्हणून घेऊन रिकाम्या ठेवलेल्या तुकड्याला हे संरक्षण लागू पडेलच असं नाही.

खरेदीखताचेही प्रकार असतात. वॉरंटी डीडमध्ये विक्रेता मालकी स्वच्छ असल्याची हमी देतो आणि उद्या वाद निघाला तर जबाबदारी घेतो. क्विटक्लेम डीडमध्ये तो एवढंच म्हणतो, की या जमिनीत माझा काही हक्क असेल तर तो तुला दिला. हक्क मुळात नसेलच, तर काहीच मिळत नाही, आणि त्याने खोटं बोलल्याचंही ठरत नाही. करलिलावातून आलेल्या जमिनी पुष्कळदा अशाच दस्ताने पुढे सरकतात.

"महिना शंभर डॉलरच तर जातात"

हे वाक्य मनात आलं की कागद-पेन घ्या. एक उदाहरण मांडतो. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण मांडणी जाहिरातींत असते तशीच.

रोख किंमत ५,००० डॉलर. हप्त्यांवर घ्यायची तर १९९ डॉलर आधी, मग महिना १२९ डॉलर, ७२ महिने. शिवाय कागदपत्रांची फी २४९ डॉलर आणि दर हप्त्यामागे १५ डॉलर सेवाशुल्क. म्हणजे महिन्याला प्रत्यक्षात १४४. बाहत्तर महिन्यांचे झाले १०,३६८. त्यात सुरुवातीचे १९९ आणि २४९ मिळवले की १०,८१६. पाच हजारांची जमीन दुपटीहून महाग पडली. कागदपत्रांची फी बाजूला ठेवली तरी व्याजाचा दर वर्षाला साधारण ३० टक्क्यांच्या घरात जातो. क्रेडिट कार्डाचं व्याजसुद्धा बहुधा यापेक्षा कमी असतं.

आता समजा चाळिसाव्या महिन्यानंतर नोकरी गेली आणि हप्ता थांबला. तोवर भरले ६,२०८ डॉलर, म्हणजे रोख किमतीपेक्षा बाराशे जास्त. करार कॉन्ट्रॅक्ट फॉर डीडचा असेल तर हातात ना जमीन, ना पैसे.

यावर कुणी म्हणेल, निदान क्रेडिट स्कोअर तरी वाढेल. बहुतेकदा तोही वाढत नाही, कारण असे विक्रेते हप्त्यांची माहिती क्रेडिट संस्थांना कळवतच नाहीत. म्हणून हप्ता किती, हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारायचे ते प्रश्न असे: रोखीने किती, सगळं मिळून किती, आणि आधी फेडलं तर दंड आहे का?

नकाशावर ती जमीन शोधून दाखवा

टेक्सास सोडलं तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जमिनीचं वर्णन आपल्या गट नंबरापेक्षा वेगळं असतं. खरेदीखतात साधारण असं लिहिलेलं सापडेल: "सेक्शन १७च्या आग्नेय चतुर्थांशाचा वायव्य चतुर्थांश, टाउनशिप १४ नॉर्थ, रेंज २६ ईस्ट." वाचून डोकं गरगरतं, पण रचना सोपी आहे. सगळा प्रदेश सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा चौकोनांत कापलेला आहे. तो टाउनशिप. त्यात एक चौरस मैलाचे ३६ चौकोन, म्हणजे सेक्शन, प्रत्येकी ६४० एकर. सेक्शनचा चतुर्थांश १६० एकर, त्याचाही चतुर्थांश ४० एकर. वरचं वर्णन अशाच एका ४० एकरांच्या चौकोनाचं आहे. तो तीनदा अर्धा केला की पाच एकर, म्हणून जाहिरातीत पाच एकरांचे तुकडे इतके दिसतात.

ही कापणी कागदावर, पट्टी धरून झालेली आहे. डोंगर, ओढा, दरी यांना तिच्यात जागा नाही. त्यामुळे एखादा तुकडा अर्धा कड्यावर आणि अर्धा कड्याखाली असू शकतो. त्याहून मोठी अडचण अशी, की चौकोनांच्या गर्दीत मधल्या तुकड्याला रस्ताच उरत नाही.

रस्ता, पाणी आणि संडास

माझं मत विचाराल तर जमिनीची किंमत या तीन गोष्टींत असते. मातीचा क्रमांक चौथा.

रस्त्याचे दोन प्रश्न आहेत आणि लोक एकच विचारतात. गाडी तिथवर पोचते का, हा एक. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा नोंदलेला हक्क तुम्हाला आहे का, हा दुसरा. आपल्याकडे वहिवाटीच्या रस्त्यावरून भावाभावांत दावे चालतात, तेच तिथेही. आज मातीची चाकोरी दिसते, उद्या शेजारी फाटक लावून कुलूप घालतो. उलटही होतं. नकाशावर साठ फुटी रस्ता आखलेला असतो, त्याला नावही असतं, आणि प्रत्यक्षात तिथे फक्त झुडपं. तो बांधण्याची जबाबदारी काउंटी, म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन, घेत नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. जमीन तुमची म्हणजे तिच्याखालचं पाणी तुमचं, असं पश्चिमेकडच्या राज्यांत गृहीत धरता येत नाही. कोलोराडोत बहुतेक भागांत ३५ एकरांपेक्षा लहान तुकड्यावर बोअरची परवानगी मिळालीच तर ती बहुधा घरातल्या वापरापुरती मिळते. बाहेर बाग शिंपायची नाही, गुरांना पाजायचं नाही. पाच एकरांवर शेळ्या आणि भाजीपाल्याचं स्वप्न असेल तर ते या एका नियमात संपतं. पावसाचं पाणी धरायलाही तिथे घरगुती वापरासाठी २०१६ साली परवानगी मिळाली, तीसुद्धा जास्तीत जास्त दोन पिंपं, मिळून ११० गॅलन.

टँकरने पाणी आणू, हे उत्तर ऐकायला बरं वाटतं. ॲरिझोनात स्कॉट्सडेल शहराला लागून रिओ व्हर्डे फूटहिल्स नावाची वस्ती आहे. ॲरिझोनात मोठ्या शहरांभोवतीच्या पाणी-नियंत्रित पट्ट्यात सहा किंवा जास्त प्लॉट पाडले तर शंभर वर्षं पुरेल इतकं पाणी असल्याचं दाखवावं लागतं. पाच किंवा कमी पाडले तर नाही. त्या फटीतून ही वस्ती वाढली. पाचशेच्या आसपास घरं स्कॉट्सडेलहून टँकरने येणाऱ्या पाण्यावर होती. दुष्काळाचं कारण देऊन शहराने १ जानेवारी २०२३ पासून ते पाणी बंद केलं. चांगली, महागडी घरं होती ती. माणसं कागदी ताटांत जेवू लागली, पावसाचं पाणी साठवून संडासात टाकू लागली. पुढे राज्याच्या विधिमंडळाला मार्ग काढावा लागला. ही वस्ती महानगराच्या कुशीत होती, म्हणून बातम्यांत आली. आडरानातल्या पाच एकरांसाठी कुणी विधिमंडळ हलवणार नाही.

सांडपाण्याचंही तसंच. गटार नसलेल्या ठिकाणी सेप्टिक टँक लागतो. माती पाणी किती वेगाने शोषते याची चाचणी करून परवाना मिळतो. खाली सलग खडक लागला तर साधी टाकी चालत नाही, महागडी व्यवस्था करावी लागते. आणि सेप्टिकचा परवाना नसेल तर बहुतेक काउंट्यांत घराचा परवाना नाही. तंबू ठोकून किंवा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, उभा करून राहू, असं म्हणत असाल तर त्यावरही दिवसांची मर्यादा असते. कोलोराडोतल्या कोस्टिया काउंटीत स्वस्तात तुकडे घेऊन राहायला आलेल्या लोकांचा आणि काउंटीचा २०१५च्या सुमारास यावरूनच मोठा संघर्ष झाला.

जाता जाता खनिजांबद्दल. जमिनीचा पृष्ठभाग एकाचा आणि खालची खनिजं दुसऱ्याची, हे अमेरिकेत सर्रास चालतं. १९१६च्या एका कायद्याखाली गुरं पाळण्यासाठी वाटलेल्या लाखो एकरांची खनिजं सरकारने स्वतःकडेच ठेवली. टेक्सासमध्ये तर खनिजाच्या मालकाला पृष्ठभाग वाजवी प्रमाणात वापरायचा हक्क आहे, मग पृष्ठभागाच्या मालकाला आवडो न आवडो.

"गूगल अर्थवर सगळं दिसतंच की"

दिसतं, आणि बघावंच. पण वरून घेतलेल्या फोटोत उतार सपाट वाटतो, हक्क दिसत नाहीत, आणि ऋतू तर अजिबात दिसत नाही. फ्लोरिडात १९६०च्या दशकात गल्फ अमेरिकन नावाच्या कंपनीने गोल्डन गेट इस्टेट्स ही अवाढव्य वसाहत हप्त्यांवर विकली. गिऱ्हाइकांना कोरड्या दिवसांत विमानातून जमीन दाखवली जायची. पावसाळ्यात तीच जमीन पाण्याखाली. पुढे तिचा दक्षिण भाग राज्याने हजारो मालकांकडून तुकड्या-तुकड्याने परत घेतला. ५५,००० एकरांची ती दलदल पूर्ववत करायला ४८ मैलांचे कालवे बुजवायचं आणि २६० मैलांचे रस्ते उखडायचं काम हाती घ्यावं लागलं. आज तिथे पिकायून स्ट्रँड नावाचं वन आहे.

म्हणजे त्या लोकांनी जमीन डोळ्यांनी पाहिली होती, तरीही फसले. तुम्ही फोटोवर भागवत असाल तर निदान पूररेषेचा सरकारी नकाशा आणि मातीचा सरकारी नकाशा उघडून बघा. दोन्ही ऑनलाइन आणि फुकट आहेत.

"कायदा नाही का काही?"

आहे, आणि तो अशाच विक्रीतून जन्माला आला. न बघता, टपालाने, हप्त्यांवर जमिनी घेऊन हजारो लोक पोळल्यावर १९६८ साली अमेरिकन काँग्रेसने आंतरराज्य जमीनविक्रीचा कायदा केला. १०० किंवा जास्त प्लॉट विकणाऱ्याने नोंदणी करायची, गिऱ्हाइकाला सही करण्याआधी माहितीपत्रक द्यायचं, आणि सही केल्यावरही गिऱ्हाइकाला ७ दिवसांत माघार घेता येते. माहितीपत्रक दिलंच नाही तर दोन वर्षांपर्यंत.

पण सवलती बघा. शंभरपेक्षा कमी प्लॉट असतील तर नोंदणी नाही. प्रत्येक तुकडा २० एकर किंवा मोठा असेल तर नोंदणी नाही. करलिलावातून इथे चार, तिथे सहा असे विखुरलेले तुकडे घेऊन विकणारा बहुधा या जाळ्याबाहेर राहतो. ॲरिझोनाने ही फट थोडी बुजवली आहे. काउंटीत शहराच्या हद्दीबाहेरच्या भागात पाच किंवा कमी तुकडे विकणाऱ्यानेही रस्ता, पाणी, पूर याबद्दलचं प्रतिज्ञापत्र हस्तांतराआधी किमान सात दिवस द्यायचं असतं, आणि ते मिळाल्यावर घेणाऱ्याला पाच दिवसांत व्यवहार मोडता येतो. हे प्रतिज्ञापत्र स्वतःहून कुणी दिलं नाही तर मागून घ्या.

"तरीही जमिनीचा भाव वाढतोच ना?"

कधीकधी वाढतो, आणि ते उदाहरण लपवून चालणार नाही. न्यू मेक्सिकोत अ‍ॅमरेप कंपनीने १९६१ साली ५५,००० एकरांचं कुरण घेतलं आणि त्याचे अर्धा-एक एकराचे तुकडे न्यू यॉर्कच्या लोकांना जेवणावळी घालून विकले. १९७७ साली कंपनी आणि तिचे काही अधिकारी फसवणुकीसाठी दोषी ठरले. त्याच जागी आज रिओ रँचो शहर आहे, लाखाहून जास्त वस्तीचं. तिथे योग्य कोपऱ्यात तुकडा असलेल्यांचं भलं झालं. पण त्याच आखणीतले असंख्य तुकडे आजही रस्ता, पाणी, वीज नसलेले पडून आहेत. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १९५८ पासून वसवलेलं कॅलिफोर्निया सिटी तर क्षेत्रफळाने राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर आहे. वस्ती पंधरा हजारांच्या आसपास, आणि आखलेल्या रस्त्यांची मैलोन्‌मैल रिकामी जाळी.

भाव वाढायला शेजारी कुणीतरी यावं लागतं. तोवर तुम्ही दरवर्षी मालमत्ता कर भरता, कुठे वसाहतीच्या संघाची वर्गणी भरता, आणि विकायला काढलं तर तुमची स्पर्धा त्याच शून्य डाउन पेमेंटवाल्या विक्रेत्याशी असते. तो हप्त्यांवर देतो, तुम्हाला रोख हवी असते.

मग सगळेच विक्रेते लबाड?

अजिबात नाही. अक्षांश-रेखांश देणारे, रस्त्याचे दोष स्वतःहून सांगणारे, पहिल्या दिवशी खरेदीखत करून देणारे विक्रेते आहेत. ज्याला महिन्यातून दोनदा तंबू टाकून तारे बघायचे आहेत, त्याला अशी जमीन सुख देऊ शकते. चांगला विक्रेता पुढची तपासणी केल्याचा राग मानत नाही. घाई करणारा, "आज रात्रीपर्यंत सही करा" म्हणणारा मात्र टाळावा.

तपासणीतलं बहुतेक काम घरबसल्या होतं. अमेरिकेत सातबारा नाही. काउंटीच्या कार्यालयात दस्त नोंदले जातात, पण ते खरे असल्याची हमी काउंटी देत नाही. म्हणून प्लॉटचा पार्सल नंबर, म्हणजे काउंटीने त्या तुकड्याला दिलेला क्रमांक, घ्यायचा आणि काउंटीच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी पाहायच्या: मालक म्हणून कुणाचं नाव आहे, कर किती वर्षं थकला आहे, आणि नकाशावर तुकडा नेमका कुठे आहे. मालकाचं नाव विक्रेत्याशी जुळलंच पाहिजे. रिकाम्या जमिनीच्या खऱ्या मालकाचं सोंग घेऊन ती विकण्याचे प्रकार इतके वाढले, की यूएस सीक्रेट सर्व्हिसने त्याबद्दल इशारा दिला आहे.

नंतर काउंटीच्या नियोजन विभागाला फोन करायचा. हा फोन मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पार्सल नंबर सांगा आणि साध्या भाषेत विचारा, "इथे घर बांधता येईल का? सेप्टिक मिळेल का? ट्रेलर किती दिवस ठेवता येतो? शेजारचे लोक पाणी कुठून आणतात?" लहान काउंटीतली माणसं फोन उचलतात, आणि असे प्रश्न ती रोज ऐकतात.

मालकी स्वच्छ आहे का, हे टायटल कंपनी तपासते आणि त्यावर विमाही देते. पाच हजारांच्या जमिनीसाठी काही शे डॉलर खर्च जड वाटतो. पण टायटल कंपनीने विमा द्यायला नकार दिला, तर तेवढ्या पैशांत फार मोलाची माहिती मिळाली असं समजा. आणि जमत असेल तर एकदा जाऊन याच. नाहीच जमलं तर त्या गावातल्या एखाद्या सर्व्हेयरला पैसे देऊन रस्ता आणि कोपरे दाखवणारा व्हिडिओ काढून घ्या.

एच-१बीवर असाल तर

बहुतेक राज्यांत भारतीय नागरिकाला जमीन घेता येते, आणि त्यामुळे व्हिसाच्या बाबतीत कुठलाही फायदा होत नाही. पण एक नियम जवळजवळ कुणाला माहीत नसतो. १९७८च्या कायद्यानुसार नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्या माणसाने शेतजमीन घेतली तर ९० दिवसांत अमेरिकेच्या कृषी खात्याला कळवावं लागतं. शेती, चराई किंवा वनासाठी वापरात असलेली, किंवा गेल्या पाच वर्षांत तशी वापरलेली जमीन यात येते. एकूण दहा एकरांपर्यंतच्या आणि फक्त घरापुरतं पिकवणाऱ्या तुकड्यांना सूट आहे. पण ४० एकरांचं कुरण घेतलंत आणि कळवलं नाहीत, तर दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

हप्ते आधीच सुरू असतील तर

रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. थांबवलात की मुदतीचं घड्याळ तुमच्या विरुद्ध चालू होतं. आधी करार काढून वाचा आणि तो काउंटीत नोंदलेला आहे का ते पाहा. नसेल तर तो, किंवा त्याचा नोटरी केलेला गोषवारा, नोंदवून घ्या, म्हणजे विक्रेत्याला तीच जमीन गुपचूप दुसऱ्याला विकणं अवघड होतं. यंदाचा कर खरंच भरला गेला आहे का, ते काउंटीच्या संकेतस्थळावर तपासा. आज सगळं फेडायचं तर किती, हा आकडा लेखी मागा. करारात आधी फेडण्यावर दंड नसेल आणि जमीन तुम्हाला खरोखर हवी असेल, तर बाकीची रक्कम लवकर टाकून खरेदीखत पदरात पाडून घेण्यात सगळ्यात कमी नुकसान आहे. एवढे पैसे नसतील तर विक्रेत्याला सही केलेलं खरेदीखत आत्ताच एखाद्या टायटल कंपनीकडे ठेवायला सांगा, शेवटचा हप्ता भरताच ते तुमच्या नावाने नोंदवायचं या अटीवर. प्रामाणिक विक्रेत्याला यात काही अवघड वाटत नाही. जमीन नकोच असेल, तर उरलेले हप्ते आणि गेलेले पैसे यांचा हिशोब त्या राज्यातल्या वकिलासमोर मांडा. कराराच्या वेळी द्यायला हवं होतं ते माहितीपत्रक किंवा प्रतिज्ञापत्र दिलं होतं का, हाच प्रश्न त्याला आधी विचारा, कारण माघारीची वाट अजून उघडी आहे का, हे पुष्कळदा त्यावरच ठरतं.